अक्षरं स्वस्त झाली, अर्थ नाही

जीनोम तपासणीच्या अहवालात एक ओळ फार वेळा दिसते: ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल आढळला.’ म्हणजे डीएनएतलं अमुक जागचं एक अक्षर वेगळं आहे, हे यंत्राने बरोबर टिपलं. पण त्याने आजार होतो की काहीच होत नाही, हे आज सांगता येत नाही. आजारी मुलाचे आईवडील हा कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसतात आणि विचारतात, मग तपासणीत निघालं काय? प्रयोगशाळेने आपलं काम चोख केलेलं असतं. अडलेलं असतं ते त्यापुढचं काम. त्यासाठी लागणारा पैसा, माणसं आणि नियम यांची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. जीनोमिक्सवर सार्वजनिक पैसा कसा खर्च व्हावा, या प्रश्नाचं माझं उत्तर याच ओळीपासून सुरू होतं. यंत्रं घेण्यावर आणि ‘इतके जीनोम वाचले’ अशी मोजदाद करण्यावर जेवढा जोर दिला जातो, तेवढाच अर्थ लावण्यावर द्यायला हवा, आणि लावलेला अर्थ सर्वांसाठी खुला राहायला हवा.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. एकेका जनुकाचा माग काढत जाणं ही आनुवंशिकीची जुनी वाट. जीनोमिक्समध्ये डीएनएचा सगळा मजकूर, म्हणजे जीनोम, एकदम समोर घेतात: कोणतं जनुक कुठे आहे, त्याच्या आजूबाजूला काय आहे, दोन माणसांत किंवा दोन जिवाणूंत नेमका कुठे फरक आहे, आणि त्या फरकाचा शरीरावर, रोगावर किंवा पिकावर काय परिणाम होतो. माणसाच्या जीनोमच्या एका प्रतीत सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. अक्षरं चारच आहेत: ए, सी, जी आणि टी. प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारी जनुकं साधारण २० हजार, आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रथिनात उतरणारा मजकूर सगळ्या जीनोमच्या दीड टक्क्याच्या आसपास भरतो. उरलेल्यात जनुकं कधी, कुठे आणि किती चालू राहावीत हे ठरवणारे भाग आहेत, तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा आलेले लांबच लांब पट्टे आहेत, आणि ज्याचं काम अजून कळलेलं नाही असाही मोठा हिस्सा आहे.

वाचनाचा वेग मात्र थक्क करणारा ठरला. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूची जेमतेम ५,४०० अक्षरं वाचली. १९९५ मध्ये हीमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूची १८ लाख अक्षरं वाचून झाली. १९९० मध्ये सुरू झालेला मानवी जीनोम प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा खर्चाचा आकडा ३०० कोटी डॉलरच्या घरात होता. खरं तर त्यातही सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता. गुणसूत्रांच्या मध्याजवळचे आणि टोकांकडचे ते पुनरावृत्तीचे पट्टे वाचून व्हायला २०२२ उजाडलं. आज मोठ्या केंद्रात एका माणसाचा जीनोम काही दिवसांत आणि काहीशे डॉलरच्या सामग्रीत वाचून होतो. ही स्वस्ताई खरी आहे. पण स्वस्त नेमकं काय झालंय हे कळायला प्रयोगशाळेतलं काम पायरीपायरीने पाहावं लागतं.

रक्त घ्यायचं ते ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत. हेपॅरिनच्या नळीत घेतलं तर ते रसायन डीएनएसोबत पुढे जातं आणि डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमला रोखतं. पेशी फोडून डीएनए वेगळा केला की त्याची शुद्धता प्रकाशाच्या शोषणावरून पाहतात. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. बरंच खाली आलं तर प्रथिनं उरली आहेत असं समजायचं. मग डीएनएचे साडेतीनशे-साडेचारशे अक्षरांचे तुकडे करायचे, त्यांची टोकं नीट करायची आणि दोन्ही टोकांना ठरलेल्या क्रमाचे डीएनएचे छोटे जोड, म्हणजे ॲडॅप्टर, लावायचे. कोणता तुकडा कोणत्या नमुन्यातला, हे सांगणारी खूण त्या ॲडॅप्टरमध्येच असते. या तयार मिश्रणाला लायब्ररी म्हणतात. ती फ्लो सेलच्या काचेवर सोडली की एकेका तुकड्याच्या जागच्या जागी प्रती बनून पुंजका तयार होतो. पुढे प्रत्येक फेरीत एकच चमकणारं अक्षर जोडलं जातं, यंत्र फोटो घेतं, चमक काढून टाकली जाते, आणि पुढच्या अक्षराची फेरी सुरू होते. तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी दीडशे-दीडशे अक्षरं वाचली जातात. त्या प्रत्येक वाचनाला रीड म्हणतात. लायब्ररी जास्त घट्ट सोडली तर पुंजके एकमेकांत मिसळतात आणि फोटोवरून अक्षर ओळखता येत नाही. फार पातळ सोडली तर यंत्राची फेरी वाया जाते.

प्रत्येक अक्षराला यंत्र विश्वासाचा एक आकडा देतं. तो ३० असेल तर चुकीची शक्यता हजारात एक. ऐकायला छान वाटतं, पण अब्जावधी अक्षरांत हजारात एक म्हणजे लाखो चुका. त्यावरचा उपाय म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा वाचणं. नेहमीचा दंडक ३० पट कव्हरेजचा आहे, म्हणजे सरासरी प्रत्येक जागेवरून ३० रीड गेले पाहिजेत. त्यासाठी दीडशे अक्षरांचे सुमारे ६२ कोटी रीड लागतात. एवढे कशाला? कारण प्रत्येक जागेच्या दोन प्रती असतात आणि कोणता रीड कोणत्या प्रतीतून येईल हे नाणेफेकीसारखं आहे. एखाद्या जागी सहाच रीड पडले, तर सहाही एकाच प्रतीतले निघण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. दुसऱ्या प्रतीत आजाराचा बदल असला तरी तो मग दिसतच नाही. सरासरी ३० असली तरी कव्हरेज सगळीकडे सारखं नसतं. जिथे जी आणि सी ही अक्षरं दाटीने येतात तिथे रीड कमी पडतात, आणि पुष्कळ जनुकांची सुरुवात नेमकी अशा दाटीच्या भागात असते.

नमुन्यांची अदलाबदल ही आणखी एक जुनी डोकेदुखी. कितीही बारकोड लावले तरी दोन नळ्या कधीतरी एकमेकींच्या जागी जातात. म्हणून एक्स आणि वाय गुणसूत्रांवर पडलेल्या रीडवरून लिंग जुळतं का हे पाहायचं, आणि काही ठरावीक जागांची अक्षरं वेगळ्या पद्धतीने आधीच तपासून ठेवून ती ताळ्यावर घ्यायची. ही पायरी जिथे गाळली जाते, तिथल्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता वाचन अगदी निर्दोष झालं तरी अर्थ कसा निसटतो, ते एका उदाहरणावरून पाहू. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आजारात बाळाचे स्नायू हळूहळू दुबळे होत जातात. बहुतेक रुग्णांत एसएमएन१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींतला महत्त्वाचा भाग गहाळ असतो. त्याच गुणसूत्रावर एसएमएन२ नावाचं त्याचं जुळं भावंड आहे. दोघांत फरक मोजक्या अक्षरांचा. त्यातला निर्णायक फरक जनुकाच्या सातव्या तुकड्यात (एक्झॉन ७) आहे: एसएमएन१ मध्ये जिथे सी आहे, तिथे एसएमएन२ मध्ये टी. एवढ्याने एसएमएन२ पासून बनणाऱ्या बहुतेक संदेशांतून सातवा तुकडा गळतो आणि तयार होणारं प्रथिन टिकत नाही. दीडशे अक्षरांचा रीड या भागातून आला, की तो एसएमएन१ चा की एसएमएन२ चा हे नेहमीच्या सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. ते त्या रीडला शून्य गुण देतं आणि शून्य गुणांचे रीड पुढच्या पायरीवर वगळले जातात. हाती येणाऱ्या अहवालात या जनुकाचा उल्लेखही नसतो. घरचे समजतात, हा आजार नाही. प्रत्यक्षात तिथे कोणी पाहिलेलंच नसतं. सातव्या तुकड्यातल्या त्या एका अक्षरावर सी किती आणि टी किती हे मोजणारा खास प्रोग्राम चालवला किंवा जनुकाच्या प्रती मोजणारी वेगळी चाचणी केली, तर उत्तर मिळतं. या आजारावर आता उपचार आहेत आणि ते लक्षणं दिसण्याआधी सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडतात, त्यामुळे ही चूक फार महागात पडते. एकेक रीड हजारो अक्षरांचा देणारी नवी यंत्रं ही अडचण बरीच कमी करतात. पण कुठे पाहायचं हे माहीत असलेला माणूस तिथेही लागतोच.

बाकीच्या जीनोममध्ये अडचण उलटी आहे: दिसतं फार. संदर्भासाठी ठेवलेल्या जीनोमशी कोणाही माणसाचा जीनोम ताडला तर ४० ते ५० लाख जागी फरक निघतो. त्यातले दहा-बारा हजार फरक प्रथिनाची रचना बदलणारे असतात, आणि दीडशेच्या वर फरक प्रथिन मध्येच तोडणारे. हे सगळं धडधाकट माणसातही असतं. या ढिगातून आजाराचा एक किंवा दोन बदल शोधायचे असतात. त्यासाठी आधी लोकांत सर्रास आढळणारे बदल बाजूला काढतात, कारण दुर्मीळ आणि गंभीर आजार घडवणारा बदल शेकडा पाच लोकांत सापडणार नाही. मग आईवडिलांचे जीनोम शेजारी ठेवतात. प्रत्येक बाळात दोघांपैकी कोणातही नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात, आणि अनेक गंभीर आजारांचं कारण त्यांतच सापडतं. त्यानंतर लक्षणं जुळतात का, त्या जनुकाबद्दल काय माहीत आहे, दुसऱ्या कुठल्या रुग्णात हाच बदल दिसलाय का, हे पाहायचं. शेवटी बदलाला पाचांतली एक श्रेणी मिळते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘बहुधा’ म्हणायला नव्वद टक्क्यांहून अधिक खात्री लागते. त्यामुळे मधल्या श्रेणीत गर्दी होते, आणि ती प्रामाणिकपणाचीच खूण आहे. दुर्मीळ आजारांच्या तपासणीत चांगल्या केंद्रांतही साधारण २५ ते ४० टक्के रुग्णांनाच निदान मिळतं.

या सगळ्या चाळणीचा पाया म्हणजे इतर लोकांची माहिती. बदल दुर्मीळ आहे असं म्हणताना तो कोणात दुर्मीळ, हे विचारायलाच हवं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या चुकीची किंमत दाखवून दिली. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारासाठी तपासलेल्या काही रुग्णांना ‘रोगकारक बदल आहे’ असं सांगण्यात आलं होतं. नंतर ते बदल निरुपद्रवी ठरले. असे रुग्ण प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे होते, कारण ते बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये मुळातच बऱ्यापैकी आढळतात. सुरुवातीच्या अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत कृष्णवर्णीय पुरेसे नव्हतेच. थोडे जरी असते, तरी ही चूक बहुधा टळली असती, असंही त्या संशोधकांनी आकडेमोड करून दाखवलं. अशा चुकीच्या निदानाने माणूस खेळ सोडतो, सगळ्या नातेवाइकांच्या तपासण्या होतात, आणि खरं कारण शोधायचं थांबतं.

अनेक जनुकांच्या छोट्या छोट्या परिणामांची बेरीज करून धोका सांगणाऱ्या गुणांकांची गतही तशीच आहे. उंचीवर २०२२ मध्ये झालेल्या प्रचंड अभ्यासात ५४ लाख लोक होते आणि उंचीशी निगडित १२,१११ जागा सापडल्या. युरोपीय वंशाच्या लोकांत या जागांवरून उंचीतल्या फरकाचा सुमारे ४० टक्के भाग सांगता येतो. इतर वंशांत तोच आकडा १० ते २० टक्क्यांवर येतो. मधुमेह किंवा हृदयविकाराचा गुणांक विकत घेणाऱ्याला ही घसरण कोणी समजावून सांगत नाही. २०१९ मधल्या एका आढाव्यानुसार अशा अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्के आहे.

वगळलेल्या लोकांना सामील करून घेणं म्हणजे त्यांच्यावर उपकार, असा सूर कधीकधी लागतो. तो चुकीचा आहे, आणि पीसीएसके९ या जनुकाची गोष्ट ते स्पष्ट करते. २००३ मध्ये फ्रान्समध्ये या जनुकातल्या बदलामुळे कोलेस्टेरॉल फार वाढलेली कुटुंबं सापडली. मग डॅलसमधल्या संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला: हे जनुक बिघडून बंदच पडलं तर? त्यांच्या पाहणीत कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येने होते, आणि जनुक बंद पाडणारे बदल त्यांच्यातच मिळाले. २००६ मध्ये निष्कर्ष आला. हे बदल असलेल्या कृष्णवर्णीय लोकांचं घातक कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यापायी दुसरा काही त्रास दिसत नव्हता. जनुक रोखलं तर फायदा होतो याचा पुरावा निसर्गानेच देऊन ठेवला होता. त्यावर बेतलेली औषधं २०१५ मध्ये मान्य झाली आणि आज ती सर्व वंशांचे लोक घेतात. पाहणीत फक्त युरोपीय वंशाचे लोक असते तर हा धागा हाती लागायला किती वर्षं गेली असती?

अर्थ उघडा ठेवला की काय होतं, हे क्षयरोगाच्या जिवाणूत दिसतं. त्याचा जीनोम ४४ लाख अक्षरांचा. जिवाणू वाढवून औषधं लागू पडतात का हे पाहायला आठवडे जातात; जीनोममधल्या बदलांवरून ते कितीतरी लवकर सांगता येतं, मात्र कोणता बदल कोणत्या औषधाला निकामी करतो याची यादी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशी यादी काढली, ती चाळीसहून अधिक देशांतून आलेल्या ३८ हजारांहून जास्त नमुन्यांच्या आधारावर. रिफाम्पिसिनसारख्या जुन्या औषधांबाबत ती ठामपणे बोलते. बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधाबाबत त्या पहिल्या यादीला हात आखडता घ्यावा लागला, कारण त्याला दाद न देणारे नमुनेच कमी होते. यंत्र तेच, वाचनाचा दर्जाही तोच. फरक फक्त जमवलेल्या पुराव्याचा.

खुलेपणाची परंपरा जीनोमिक्समध्ये जुनी आहे. १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की वाचलेला क्रम २४ तासांत सर्वांना उपलब्ध करायचा. करोनाच्या विषाणूची सुमारे ३० हजार अक्षरं जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाली, आणि १६ मार्चला त्यावर आधारित एमआरएनए लशीची पहिली मात्रा चाचणीत माणसाला दिली गेली. याउलट बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या स्तनांच्या व बीजकोशांच्या कर्करोगाशी निगडित जनुकांवर मिरिअड जेनेटिक्स या कंपनीचे पेटंट होते. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात असलेल्या डीएनएवर पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला. चाचणी सर्वांना मोकळी झाली, पण इतक्या वर्षांच्या चाचण्यांतून कंपनीकडे साचलेला बदलांचा अर्थकोश खाजगीच राहिला. दुसऱ्या प्रयोगशाळांना तेच बदल ‘अर्थ अनिश्चित’ म्हणून कळवावे लागत होते. मग डॉक्टरांनी आणि रुग्णांनी जुने अहवाल, त्यावरची नावं काढून, सार्वजनिक कोशात भरायला सुरुवात केली. सार्वजनिक पैशाने चाललेल्या प्रत्येक प्रयोगशाळेवर असा अर्थ खुला करण्याचं बंधन हवं, आणि विम्याने किंवा सरकारने पैसे दिलेल्या खाजगी चाचणीवरही तेच बंधन असावं, या मताशी मी ठाम आहे.

इथे गोपनीयतेचा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पासवर्ड बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही, आणि तो एकट्याचा नसतो. २०२३ मध्ये ट्वेंटी-थ्री-अँड-मी या ग्राहकांची डीएनए तपासणी करणाऱ्या कंपनीची सुमारे १४ हजार खाती इतरत्र फुटलेल्या पासवर्डांनी उघडली गेली; ‘नातेवाईक शोधा’ या सोयीमुळे त्यातून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा लोकांचा डीएनए हीच विक्रीची मुख्य मालमत्ता होती. नावं काढली की झालं, असंही नाही. एखाद्या गटातल्या बदलांचं नुसतं प्रमाण हाती आलं, तरी अमुक माणूस त्या गटात होता का हे सांगता येऊ शकतं, असं २००८ मध्येच दाखवलं गेलं आहे.

म्हणून काय खुलं आणि काय बंद, यात भेद करावा लागतो. संपूर्ण जीनोम खुला टाकायची गरज नाही. ‘या जनुकात अमुक जागी सीच्या जागी टी, तीन रुग्णांत आढळला, लक्षणं अशी, श्रेणी बहुधा रोगकारक, पुरावा हा’ एवढी नोंद खुली असली की पुष्कळ काम भागतं, आणि तिच्यावरून माणूस ओळखण्याचा धोका संपूर्ण जीनोमच्या मानाने फार लहान आहे. मूळ माहिती सुरक्षित संगणकावर राहावी. संशोधकाने प्रत उतरवून न घेता तिथेच येऊन विश्लेषण करावं आणि फक्त निष्कर्ष बाहेर न्यावेत. कोणी, कधी, काय पाहिलं याची नोंद राहावी. संमतीपत्रात मधुमेह लिहून दुसऱ्याच विषयावर संशोधन झालं तर लोकांचा विश्वास उडतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या हावासुपाई या आदिवासी लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांबाबत नेमकं हेच घडलं, आणि २०१० मध्ये ते नमुने घेणाऱ्या विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. गोपनीयतेची काळजी हे अर्थकोश बंद ठेवायचं कारण होऊ शकत नाही. नियम आणि सुरक्षित यंत्रणा यांवर पैसा खर्च करायचं कारण मात्र ती नक्कीच आहे.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा: कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करेलच, मग माणसं कशाला? २०२३ मध्ये अल्फामिसेन्स या प्रणालीने मानवी प्रथिनांत शक्य असलेल्या सुमारे ७ कोटी १० लाख एकेरी बदलांचा अंदाज वर्तवला आणि त्यांपैकी ८९ टक्के बदलांना रोगकारक किंवा निरुपद्रवी या बाजूंना टाकलं. हे काम मोठं आहे आणि रोजच्या कामात उपयोगी पडतं. पण ती फक्त प्रथिनातला एक घटक बदलणारे बदल पाहते. जनुकाचा मोठा तुकडा गहाळ होणं, वाढत जाणाऱ्या पुनरावृत्त्या, एसएमएन१ सारखी जुळी जनुकं तिच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय प्रथिन बिघडतं आणि या मुलाला हा आजार त्यामुळे झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करायला कुटुंब, लक्षणं आणि प्रयोग लागतात. आणि अशा प्रणालीचा अंदाज ताडून पाहायचा, तोही शेवटी माणसांनी जपलेल्या खुल्या नोंदींवरच.

मग पैसा नेमका कुठे घालायचा? सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे जुने जीनोम पुन्हा तपासणं. ज्यांना पहिल्यांदा उत्तर मिळालं नाही, त्यांचीच माहिती एक-दोन वर्षांनी पुन्हा चाळली तर साधारण दहातल्या एकाला उत्तर मिळतं, तेही नवं रक्त न घेता. दरम्यान नवी जनुकं आजारांशी जोडली गेलेली असतात, दुसऱ्या देशातला तसाच रुग्ण कोशात आलेला असतो. पण हे काम कोणाचं, हे ठरलेलं नसतं. प्रयोगशाळेचं बिल अहवाल दिल्यावर मिटलेलं असतं, डॉक्टर बदललेले असतात, कुटुंबाचा फोन नंबर जुना झालेला असतो. यासाठी जीनोममागे ठरावीक रक्कम आधीच बाजूला ठेवायला हवी, दर दोन वर्षांनी फेरतपासणी बंधनकारक हवी, आणि श्रेणी बदलली तर कुटुंबाला कळवणारा माणूस नेमलेला हवा. त्याबरोबर जनुकीय समुपदेशकांची पदं हवीत. श्रेणी ठरवणाऱ्या तज्ज्ञाला शिकवून तयार करायला काही वर्षं जातात, यंत्र काही महिन्यांत येतं. म्हणून माणसांची भरती यंत्राच्या निविदेआधी निघायला हवी. नव्या प्रकल्पाचं मोजमापही बदलावं. किती जीनोम वाचले याऐवजी किती बदलांची श्रेणी ठरवून खुल्या कोशात दिली, आणि किती ‘अनिश्चित’ निकाल निश्चित झाले, हे दरवर्षी जाहीर व्हावं.

आणि तोवर निदान अहवाल तरी पूर्ण असावा. कोणत्या तारखेचा कोश वापरला, तो त्यावर छापलेला असावा. कोणत्या जनुकांत कव्हरेज २० पटीच्या खाली गेलं आणि कोणती जुळी जनुकं किंवा पुनरावृत्त्या या पद्धतीने पाहिल्याच नाहीत, त्यांची यादी शेवटच्या पानाच्या बारीक अक्षरांत न दडवता निकालाच्या शेजारी यावी. तुलनेच्या कोशात रुग्णाच्या वंशाचे लोक पुरेसे आहेत की नाहीत, हे एका ओळीत सांगावं. आणि ‘अर्थ अनिश्चित’ या शब्दांपुढे पुढच्या फेरतपासणीची तारीख लिहावी, म्हणजे त्या आईवडिलांना परत कधी यायचं ते कळेल.